कँटनच्या बारा चित्रांचा संच: ओळख, पारख आणि मोल

आपल्या प्रश्नाचा आशय असा आहे: आईच्या आजोळच्या गिरगावातल्या घरातील ट्रंकेतून बारा चित्रांचा एक संच आपल्या हाती आला. पणजोबा फोर्टातल्या एका पारशी पेढीवर मेहता होते आणि शेठांनी तो संच त्यांना चीनहून आणून दिला, असे घरात सांगितले जाते. चित्रांत होड्या, कारागीर आणि भरजरी पोशाखातल्या स्त्रिया आहेत. प्रत्येक चित्राला फिकट निळ्या रेशमी फितीची किनार आहे आणि एक पान मधोमध तडकले आहे. एका व्यापाऱ्याने हा छापील माल असल्याचे सांगितले, दुसऱ्याने बाराही चित्रे सुटी करून चौकटीत बसवण्याचा सल्ला दिला, आणि लंडनचा भाचा दिवाळीत येईल तेव्हा संच तिकडच्या लिलावात विकायला न्यावा म्हणतो आहे. हा संच खरोखर जुना आहे का, ते कशावरून ओळखावे आणि त्याचे मोल किती, हे आपल्याला हवे आहे.

उत्तर लांबणार आहे, म्हणून आधी एक विनंती करतो. हे वाचून होईपर्यंत एकही पान फितीतून सोडवू नका आणि तडकलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नका. अशा संचांचे सर्वांत मोठे नुकसान काळाने किंवा कसरीने होत नाही. ते चांगल्या हेतूने केलेल्या घाईच्या दुरुस्तीने होते.

आपण पाठवलेल्या छायाचित्रांवरून पक्का निर्वाळा कोणीही देऊ नये. तरीही निळी फीत, बारा पानांची बांधणी, चित्रांचे विषय आणि रंगांचा उठाव पाहता हा संच एकोणिसाव्या शतकात कँटनमध्ये, म्हणजे आजच्या ग्वांगचौमध्ये, परदेशी गिऱ्हाइकांसाठी तयार होणाऱ्या चित्रांपैकी असावा, असे माझे मत आहे. ते मत पक्के करण्यासाठी पहिली साक्ष चित्रातल्या आकृतींची घ्यायची नसते. ती ज्यावर चित्र काढले आहे त्या पापुद्र्याची घ्यायची असते.

या चित्रांना बाजारात सर्रास ‘राइस पेपर’वरची चित्रे म्हणतात. हे नाव चुकीचे आहे, कारण त्यात तांदूळ नाही आणि रूढ अर्थाने तो कागदही नाही. कागद म्हणजे तंतूंचा लगदा पाण्यात कालवून, जाळीवर गाळून, वाळवून केलेला ताव. इथे तसे काहीच घडत नाही. दक्षिण चीन आणि तैवानमध्ये वाढणाऱ्या एका झुडपाच्या खोडातला पांढराशुभ्र, मऊ गाभा काढून त्याचे पापुद्रे कापले जात. त्या झुडपाला चिनी भाषेत थोंगत्साओ म्हणतात, आणि वनस्पतिशास्त्रात आज त्याचे नाव टेट्रापॅनॅक्स पॅपिरिफर असे आहे. युरोपात हा ‘कागद’ अनेक वर्षे विकला जात होता, तरी तो कोणत्या झाडापासून होतो याचा उलगडा व्हायला वेळ लागला. लंडनजवळच्या क्यू उद्यानाचे संचालक विल्यम हूकर यांनी १८५२ मध्ये या वनस्पतीचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले.

मराठी वाचकाला या द्रव्याची कल्पना देण्यासाठी मी नेहमी भेंडाचा दाखला देतो. लग्नातले भेंडाचे बाशिंग ज्यांनी हातात घेतले आहे, त्यांना ती हलकी, किंचित मखमली, बोटाने दाबली तर दबून राहणारी पांढरी वस्तू चटकन आठवेल. आपले भेंड वेगळ्या, पाणथळीतल्या वनस्पतीचे असते आणि त्याची आतली रचनाही निराळी असते, पण हाताला येणारा अनुभव जवळचा आहे. चीनमध्येही या गाभ्याची कृत्रिम फुले होत असत, हे साम्य मला फार मोलाचे वाटते. कारागीर गाभ्याचा दंडगोल सपाट फरशीवर ठेवून धारदार पात्याच्या दिशेने हळूहळू लाटत जाई आणि त्यातून सुरळी उलगडावी तसा अखंड, एकसारख्या जाडीचा पापुद्रा निघे. गाभ्याची लांबी आणि जाडी निसर्गानेच ठरवलेली असल्यामुळे हे पापुद्रे साधारणपणे ३० बाय २० सेंटिमीटरपेक्षा मोठे मिळत नसत. म्हणून कोणी दोन फुटी अखंड ‘राइस पेपर’चे चित्र दाखवले, तर ते या प्रकारातले नाही, एवढे मोजपट्टीवरूनच सांगता येते.

आता आपल्या हातातल्या संचाकडे या. दिवसाच्या उजेडात, पंखा बंद करून, संच टेबलावर उघडा आणि सराफ वापरतात तसे दहापटीचे भिंग घ्या. चित्रातला रंग नसलेला कोपरा निवडा आणि विजेरीचा प्रकाश बाजूने, जवळजवळ पानाला टेकवून पाडा. साधा कागद असेल तर एकमेकांत गुंतलेले तंतू दिसतील. हाताने केलेला चिनी कागद असेल आणि मागून उजेड पडू शकत असेल, तर बांबूच्या जाळीच्या बारीक समांतर रेषाही दिसतील. गाभ्याच्या पापुद्र्यात तंतू नसतात आणि जाळीच्या रेषाही नसतात. तिथे दिसतात त्या वनस्पतीच्या पेशी: मधाच्या पोळ्यासारखे, एकमेकांना चिकटलेले, चमकदार बारीक कप्पे. एकदा ते पाहिले की पुन्हा विसर पडत नाही. तडकलेल्या पानाची कडही याच भिंगाने पाहा. कागद फाटला तर कडेला तंतूंची लव राहते, पण हा पापुद्रा वाळलेल्या पापडासारखा स्वच्छ तुटतो. आपल्या छायाचित्रातली भेग मला तशीच दिसते आहे, आणि छायाचित्रांतला माझ्या मते सर्वांत बोलका पुरावा तोच आहे.

रंगाचा उठाव ही दुसरी खूण. पापुद्रा ओला रंग पिऊन फुगतो, त्यामुळे रंगवलेला भाग वाळल्यावर किंचित वर आलेला राहतो आणि अपारदर्शक जलरंग मखमलीवर बसावेत तसे दिसतात. मागच्या वर्षी एका घरी पाहिलेल्या संचात एका नावाडणीचे चित्र होते. तिच्या बाहीची किनार बोटभर रुंदही नव्हती, पण भिंगाखाली त्यावरचा प्रत्येक ठिपका मोहरीच्या दाण्यासारखा उभा दिसत होता. तिचा चेहरा मात्र समोरून जवळजवळ कोराच होता. त्वचेचा रंग पापुद्र्याच्या मागच्या बाजूने दिला होता, म्हणून तो पुढे झिरपल्यासारखा कोवळा दिसत होता. पारदर्शकतेचा असा उपयोग हे या कारागिरांचे खास कसब आहे. आपले व्यापारी ‘छापील’ म्हणतात त्या मालात हा उठाव आणि मागून दिलेला रंग आढळत नाही. यंत्रावर छापलेल्या आधुनिक प्रतीत भिंगाखाली रंगीत ठिपक्यांची नियमित जाळी दिसते. ती दिसली तर वाद संपला. दिसली नाही, तरी केवळ त्यावरून चित्र जुने ठरत नाही, कारण ठिपक्यांविना छापण्याच्या पद्धतीही होत्या. म्हणून उठाव आणि पेशी या दोन्ही खुणा एकत्र पाहाव्यात.

व्यापाऱ्याला तसे का वाटले असावे, हेही सांगतो. कँटनच्या चित्रशाळांत एकच नमुना पुन्हा पुन्हा उतरवला जाई. पापुद्रा पारदर्शक असल्याने मूळ रेखाटनावर ठेवून ते गिरवून घेणे सोपे होते, आणि पुढचे काम वाटून दिलेले असे: एकाने चेहरे करावेत, दुसऱ्याने वस्त्रे, तिसऱ्याने झाडेपाने. त्यामुळे वेगवेगळ्या संचांत तीच स्त्री, त्याच हातात तोच पंखा धरून उभी दिसते. ज्याने दोन संच पाहिले आहेत त्याला हा छापाच वाटतो, पण शेजारी ठेवून पाहिले तर एका संचातल्या पंख्याच्या काड्या सतरा आणि दुसऱ्यातल्या एकोणीस असतात. हाताचे काम असे उघडे पडते.

काळ ठरवण्याकडे वळू. या पापुद्र्यावरची चित्रे निर्यातीसाठी मोठ्या प्रमाणात होऊ लागली ती १८२० च्या दशकापासून. १७५७ पासून १८४२ च्या नानकिंग तहापर्यंत परदेशी व्यापाऱ्यांना चीनमध्ये व्यापारासाठी कँटन हेच बंदर खुले होते, आणि तिथे नदीकाठच्या वखारींच्या परिसरात चित्रशाळांची दुकाने होती. टिंगक्वा, सुनक्वा, यूक्वा ही त्यातली प्रसिद्ध नावे आहेत. तैलचित्रांसाठी गाजलेला लामक्वा हा टिंगक्वाचा भाऊ. नावातले ‘क्वा’ हे आडनाव नव्हे. व्यापारी आणि कारागीर यांच्या नावापुढे आदराने लागणारे ते उपपद आहे. तहानंतर हाँगकाँगमध्येही दुकाने निघाली. १८५६ च्या अखेरीस कँटनच्या वखारी जळून गेल्या. म्हणून संचात वखारींचे दृश्य असेल तर त्यातल्या इमारती, बाग आणि १८४० च्या दशकाच्या अखेरीस उभे राहिलेले चर्च यांवरून काळ बराच नेमका सांगता येतो. आपल्या संचात असे दृश्य नाही, त्यामुळे आपल्याला रंगांवर आणि बांधणीवर भिस्त ठेवावी लागेल.

जुन्या संचांत शिशाचा सफेदा, हिंगूळ, प्रशियन निळा आणि एमराल्ड ग्रीन नावाचा हिरवा आढळतो. शिशाचा सफेदा दमट, दूषित हवेत काळवंडतो, म्हणून बगळ्याच्या पिसांवर किंवा गोऱ्या चेहऱ्यावर राखाडी झाक आली असेल तर ती घाण समजून पुसायला जाऊ नका. एमराल्ड ग्रीनमध्ये आर्सेनिक असते. संच हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत आणि लहान मुलांच्या हाती तो देऊ नये. १८५६ मध्ये पहिला कृत्रिम कोलटार रंग निघाला आणि पुढच्या काही दशकांत भडक जांभळे-गुलाबी रंग जगभर पसरले. तसा पातळ, शाईसारखा पसरलेला जांभळा संचात दिसला, तर तो शतकाच्या उत्तरार्धातला समजावा. त्या काळात आकारही लहान होत गेला, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तर शुभेच्छापत्रांवर चिकटवलेली बोटभर चित्रेसुद्धा निघाली. आपल्या पहिल्या चार पानांत मला असा रंग दिसत नाही. उरलेली आठ पाने उजेडात पुन्हा टिपून पाठवावीत.

अंधाऱ्या खोलीत अतिनील विजेरीने चित्रामागचा आधाराचा कागद पाहण्यासारखा असतो. कागद निळसर पांढरा चमकला तर त्यात उजळपणासाठी घातलेले रसायन आहे, आणि अशी रसायने कागदात सर्रास आली ती १९५० च्या आसपास. मात्र आधाराचा कागद नंतर बदललेला असू शकतो, त्यामुळे या एका खुणेवरून चित्राला नवे म्हणू नये. पाण्याचा थेंब टाकून, कोपरा जाळून किंवा नखाने खरवडून पाहण्याचे जे उपाय लोक सांगतात, त्यातला एकही करू नये.

आता घरातल्या कथेबद्दल. मुंबईच्या घरात कँटनची चित्रे सापडणे यात नवल नाही. कापूस आणि माळव्याची अफू घेऊन मुंबईची जहाजे कँटनला जात, आणि त्या व्यापारात पारशी पेढ्यांचा वाटा मोठा होता. जमशेटजी जीजीभाई यांनी तरुणपणी चीनच्या अनेक सफरी केल्या होत्या. कँटनजवळच्या व्हामपोआ येथे आणि मकाऊमध्ये पारशी व्यापाऱ्यांची दफनभूमी आजही आहे. परतीच्या जहाजातून रेशीम, चहा, चिनीमातीची भांडी, भरतकामाचे गारे (पारशी स्त्रियांच्या भरतकामाच्या साड्या) आणि अशा चित्रांचे संच आले. तेव्हा आपल्या घरातली कथा संभवनीय आहे, पण संभवनीय असणे म्हणजे सिद्ध असणे नव्हे. आपले पणजोबा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पेढीवर होते असे आपण लिहिता, तर चित्रे त्याआधीच्या काळातली दिसतात. याचा अर्थ कथा खोटी आहे असा नाही. शेठांच्या घरातलाच जुना संच भेट म्हणून मिळाला असेल, असेही घडू शकते.

एक गल्लत इथेच टाळून ठेवतो. आपल्याकडे अभ्रकाच्या पातळ पत्र्यावर काढलेली कारागिरांची आणि पोशाखांची चित्रे एकोणिसाव्या शतकात पाटणा, मुर्शिदाबाद, तिरुचिरापल्ली अशा ठिकाणी साहेबांसाठी होत असत. विषय तेच, आकारही तसाच, म्हणून जुन्या घरांत दोन्ही एकाच गठ्ठ्यात बांधलेली सापडतात. अभ्रक काचेसारखे पारदर्शक असते आणि थरांनी सुटते. हा फरक उजेडात धरताच कळतो.

मोलाबद्दल बोलताना मी पहिला भर संचाच्या अखंडतेवर देतो. बारा पाने, मूळ फिती, मूळ कापडी किंवा नक्षीदार पुठ्ठे आणि आत चित्रशाळेची चिठ्ठी असेल तर तीही, हे सारे एकत्र असणे म्हणजे संच. तो एकदा फोडला की बारा सुटी चित्रे उरतात, आणि बारा सुट्या चित्रांची बेरीज अखंड संचाइतकी होत नाही. दुसऱ्या व्यापाऱ्याचा सल्ला म्हणूनच मला पटत नाही. त्यात चित्रांच्या जिवाचाही प्रश्न आहे. काही वर्षांपूर्वी याच शहरातल्या एका चौकटवाल्याने सहा चित्रे सरसाने पुठ्ठ्यावर पक्की डकवून, काच थेट टेकवून बसवली होती. पापुद्रा पावसाळ्यात सादळून पसरतो आणि हिवाळ्यात आकसतो. चहूबाजूंनी जखडलेला असल्याने तो आकसताना तडकला, आणि उठावाचा रंग काचेला चिकटून निघून आला. माझ्याकडे ती आली तेव्हा एका मोराची अख्खी मान काचेवर होती आणि चित्रात नव्हती. ती परत बसवता आली नाही.

विषयानुसार भाव बदलतो. स्त्रियांचे पोशाख, होड्या, फुले-फुलपाखरे हे विषय विपुल आहेत, म्हणून त्यांना मर्यादित किंमत येते. चहा, रेशीम किंवा चिनीमातीच्या निर्मितीची क्रमवार चित्रे, वखारींची दृश्ये आणि चित्रशाळेची चिठ्ठी असलेले संच अधिक शोधले जातात. ब्रिटनमधल्या लिलावांत मध्यम प्रतीचा, लहान आकाराचा, सामान्य विषयांचा बारा पानांचा संच सहसा काही शे पौंडांच्या घरात जातो, आणि दुर्मीळ विषयाचे मोठे संच हजारांत जातात. तडकलेली पाने, बुरशीचे तपकिरी डाग आणि काळवंडलेला सफेदा यांनी भाव उतरतो, पण या द्रव्याच्या ठिसूळपणामुळे जाणता ग्राहक एखाद्या भेगेने मागे हटत नाही. आपला संच, आज दिसतो तसा, त्या मध्यम गटातला आहे. हे ऐकून निराश होऊ नये. पण पेटीत लाखो रुपये आहेत असे कोणी सांगत असेल, तर त्यावर विसंबू नये.

हे पौंडांतले भाव आपल्याला थेट लागू होत नाहीत, आणि भाच्याच्या बेताचे उत्तर इथे आहे. पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियम, १९७२ नुसार शंभर वर्षांहून जुने चित्र हा पुरावशेष ठरतो, मग ते चित्र कोणत्याही देशात काढलेले असो. पुरावशेषाची निर्यात केंद्र सरकार किंवा त्याने अधिकार दिलेली यंत्रणा यांच्याखेरीज कोणालाही करता येत नाही. सामानात घालून संच लंडनला नेणे हा गुन्हा होईल. देशात विकायचा झाला तर परवानाधारक विक्रेत्यामार्फतच जावे, आणि नोंदणीबाबत भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नोंदणी अधिकाऱ्याकडे आधी लेखी विचारणा करावी. भारतात या चित्रांचे ग्राहक थोडे आहेत, त्यामुळे इथला भाव तिकडच्यापेक्षा वेगळा आणि पुष्कळदा कमी येतो. विम्यासाठी मूल्यांकन हवे असेल तर तसे स्पष्ट सांगून मागावे, कारण विमा-मूल्य आणि विक्री-मूल्य हे दोन वेगळे आकडे असतात.

विकण्याची निकड नसेल तर संच घरीच नीट ठेवावा, असे माझे मन सांगते. तो आडवा, आम्लरहित कागदात गुंडाळून, पुठ्ठ्याच्या पेटीत, बाहेरच्या भिंतीला न लागणाऱ्या कपाटात ठेवावा. डांबराच्या गोळ्या आत टाकू नयेत. पावसाळ्यात तो उघडूच नये. थंडीत कोरड्या दिवशी पाहावा. तडकलेल्या पानासाठी कागद-संवर्धकच हवा. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कला-संवर्धन केंद्र आहे, आणि त्याच संग्रहालयात टाटा घराण्याच्या संग्रहातून आलेल्या चिनी व जपानी वस्तूही आहेत. तिथे जाऊन त्या काळच्या चिनी कारागिरीवर एकदा डोळा फिरवून यावा. आपल्या संचाकडे नंतर पाहाल तेव्हा अधिक दिसेल.

शेवटी एका गोष्टीकडे लक्ष वेधतो, जिचा आपण पत्रात ओझरता उल्लेख केला आहे. मागच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला पेन्सिलने लिहिलेल्या दोन ओळी आहेत आणि त्या ‘बहुधा गुजराती, पुसट’ असल्याने खोडून टाकाव्यात का, असे आपण विचारता. त्या खोडू नका. त्यांवर बोटही फिरवू नका. बाजूने प्रकाश पाडून त्यांची चार-पाच छायाचित्रे घ्या आणि जुने गुजराती हस्ताक्षर, विशेषतः पेढ्यांच्या वह्यांचे, वाचू शकणाऱ्या एखाद्या वडीलधाऱ्याला दाखवा. त्यात नाव, जहाज किंवा साल निघाले, तर वर मध्यम गटातला म्हणून सांगितलेला अंदाज मला बदलावा लागेल, आणि घरातल्या कथेला पहिला लेखी आधार मिळेल.